तारणाची आशा आणि साधेपणाची शिस्त : अमिश आणि मेनोनाइट

मागच्या व्याख्यानात आपण मार्टिन ल्यूथर आणि धर्मसुधारणेबद्दल बोललो. माणसाचं तारण त्याच्या पुण्यकर्मांनी होत नाही, ते ईश्वरी कृपेनं आणि विश्वासानं होतं, हा ल्यूथरचा मुख्य मुद्दा होता. आज आपण त्याच काळात जन्मलेल्या एका वेगळ्या प्रवाहाकडे वळणार आहोत. अमिश आणि मेनोनाइट ही नावं आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असतील. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे गेलेल्यांनी पेनसिल्वेनियातल्या रस्त्यांवर त्यांच्या घोडागाड्याही पाहिल्या असतील. ‘वीज न वापरणारे लोक’ एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे असते. पण वीज का नाही, याचं उत्तर तंत्रज्ञानात सापडत नाही. ते तारणाच्या कल्पनेत सापडतं. म्हणून आज आपण तिथूनच सुरुवात करू.

एका घरातला बाप्तिस्मा

२१ जानेवारी १५२५. स्वित्झर्लंडमधलं झुरिक शहर. फेलिक्स मान्झ याच्या घरी काही तरुण जमले होते. हे सगळे झ्विंग्ली या सुधारकाचे अनुयायी, पण आता त्याच्यावर नाराज झालेले. त्या रात्री कोनराड ग्रेबेलनं जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला, आणि मग ब्लाउरॉकनं इतरांना दिला. घटना एवढीच. पण तिचा अर्थ फार मोठा होता.

त्या काळी जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा बाप्तिस्मा होत असे. बाप्तिस्म्याची नोंद म्हणजे एका अर्थी नागरिकत्वाची नोंद. या तरुणांचं म्हणणं असं, की बाळाला विश्वास म्हणजे काय हेच कळत नाही; मग त्याच्या वतीनं घेतलेल्या बाप्तिस्म्याला अर्थ काय? ख्रिस्ताच्या मागे जायचं की नाही, हे माणसानं जाणतेपणी, स्वतःच्या तोंडानं ठरवलं पाहिजे. विरोधकांनी त्यांना ‘ॲनाबॅप्टिस्ट’ म्हणजे ‘पुन्हा बाप्तिस्मा घेणारे’ असं नाव ठेवलं. त्यांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते हाच पहिला खरा बाप्तिस्मा होता.

यातून राज्यकर्त्यांना धोका का वाटला, हेही समजून घेऊ. धर्म जर ज्याच्या-त्याच्या निवडीचा विषय झाला, तर सरकार आणि चर्च यांची गाठ सुटते. शिवाय हे लोक तलवार उचलायला आणि शपथ घ्यायला नकार देत होते. १५२७ मध्ये श्लाइटहाइम या गावी त्यांनी सात कलमांचा एक करार केला. बाप्तिस्मा, शिस्तीसाठी बहिष्कार, प्रभुभोजन, जगापासून वेगळेपण, मंडळीचे पाळक, शस्त्रत्याग आणि शपथेला नकार, ही ती कलमं. त्याच वर्षी ५ जानेवारीला फेलिक्स मान्झला झुरिकच्या लिमाट नदीत बुडवून मारण्यात आलं होतं. पाण्याचा एवढा आग्रह आहे ना, मग घ्या पाणी, असा त्या शिक्षेत क्रूर उपहास होता. आणि ही शिक्षा जुन्या चर्चनं दिलेली नव्हती, सुधारणावाद्यांच्या नगरसभेनं दिलेली होती, हे लक्षात ठेवू.

पुढे नेदरलँड्समध्ये मेनो सायमन्स नावाचा एक कॅथलिक धर्मगुरू १५३६ मध्ये आपलं पद सोडून या लोकांना येऊन मिळाला. छळामुळे विखुरलेल्या मंडळ्यांना त्यानं धरून ठेवलं. त्याच्या नावावरूनच ‘मेनोनाइट’ हा शब्द आला.

तारण म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ल्यूथरप्रमाणे हे लोकही म्हणतात, की तारण कृपेनं होतं, कोणी ते कमावू शकत नाही. पण पुढे ते एक गोष्ट जोडतात. विश्वास खरा असेल तर तो जगण्यात दिसलाच पाहिजे. डोंगरावरील प्रवचनात येशूनं सांगितलं, की शत्रूवर प्रेम करा, शपथ घेऊ नका, क्षमा करा. हे त्यांच्या दृष्टीनं सोमवार ते शनिवार पाळायचे नियम आहेत. नुसती मान्यता पुरत नाही, मागे चालावं लागतं.

याचं त्यांच्या मनात कोरलेलं उदाहरण म्हणजे डर्क विलेम्स. १५६९ मध्ये नेदरलँड्समधल्या आस्पेरन इथल्या कैदेतून तो पळाला. हिवाळ्याचे दिवस, पाण्यावर बर्फाचा पातळ थर. उपासमारीनं हलका झालेला डर्क पार गेला. त्याचा पाठलाग करणारा मात्र बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क मागे फिरला आणि त्यानं त्या माणसाला बाहेर काढलं. परिणाम? डर्क पुन्हा पकडला गेला आणि १६ मे रोजी त्याला जिवंत जाळण्यात आलं. १६६० मध्ये डच भाषेत निघालेल्या ‘हुतात्म्यांचा आरसा’ या जाडजूड ग्रंथात ही हकिगत आहे आणि आजही अनेक अमिश घरांत तो ग्रंथ असतो. आपण विचारू, की डर्कनं मिळवलं काय? त्या परंपरेचं उत्तर असं, की मागे न वळता तो वाचला असता, पण मग ज्या विश्वासासाठी तो पळत होता तोच त्यानं मागे टाकला असता.

आणखी एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा. ‘तुझं तारण झालं आहे का?’ असं अनेक प्रॉटेस्टंट पंथांत थेट विचारतात आणि ‘हो, नक्की’ असं उत्तर अपेक्षित असतं. जुन्या वळणाचा अमिश माणूस तसं म्हणायला कचरतो. त्याचा विश्वास कमी असतो असं नाही. शेवटचा निवाडा देवाचा आहे, तो आपणच आधी जाहीर करून टाकणं त्याला उद्धटपणाचं वाटतं. तो म्हणतो, आम्हाला ‘जिवंत आशा’ आहे. या एकाच मुद्द्यावरून मंडळ्यांत मतभेदही झाले. १९६० च्या दशकात वेगळ्या झालेल्या ‘न्यू ऑर्डर’ अमिशांनी तारणाच्या खात्रीवर जास्त भर दिला.

फूट कशी पडली?

अमिश आणि मेनोनाइट वेगळे झाले ते १६९३ मध्ये. घोडागाडीवरून किंवा विजेवरून नव्हे; तेव्हा सगळेच घोडागाडीतून जात होते! वाद दोन गोष्टींवर होता आणि दोन्ही तारणाशी जोडलेल्या होत्या.

पहिली गोष्ट शिस्तीची. मंडळीतून काढलेल्या माणसाशी किती संबंध ठेवायचा? हान्स राइस्ट या स्विस वडीलधाऱ्याचं म्हणणं होतं, त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवा, तेवढं पुरे. याकोब अमान म्हणाला, नाही, रोजच्या जेवणाच्या पंगतीतही त्याला बरोबर घ्यायचं नाही.

दुसरी गोष्ट जास्त हृदयाला भिडणारी आहे. छळाच्या काळात काही शेजारी या लोकांना लपवत, खायला देत, निरोप पोहोचवत. त्यांना ‘खऱ्या मनाची माणसं’ म्हणत. पण भीतीपोटी म्हणा किंवा आणखी कशानं, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला नव्हता. मग त्यांचं तारण होईल का? राइस्टच्या बाजूचे म्हणत, होईल अशी आशा धरू या. अमानचं म्हणणं कडक होतं. क्रूस उचलल्याशिवाय, किंमत मोजल्याशिवाय तसं म्हणता येणार नाही. ज्यांच्या ओसरीवर आपले जीव वाचले, त्यांच्याबद्दल हा निर्णय द्यायचा होता. भांडण किती कडू झालं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. १७०० मध्ये अमानच्या बाजूनं चूक कबूल करून समेटाचा प्रयत्न झाला, पण फाटलेलं जुळलं नाही. अमानचे लोक ते अमिश.

पुढे अठराव्या शतकात अमिश पेनसिल्वेनियात येऊ लागले. मेनोनाइट तिथे १६८३ पासूनच होते. युरोपातली शेवटची अमिश मंडळी १९३७ मध्ये मेनोनाइटांत विलीन झाली. म्हणजे अमिश आज जवळजवळ सगळे उत्तर अमेरिकेतच उरले आहेत, चार लाखांच्या आसपास.

साधेपणा कशासाठी?

आता विजेचा प्रश्न. अमिश जीवनाचे दोन आधारशब्द जर्मन आहेत. पहिला ‘गेलासेनहाइट’, म्हणजे स्वतःचा हट्ट सोडून देवाच्या आणि मंडळीच्या इच्छेपुढे नमणं. दुसरा ‘ऑर्डनुंग’, म्हणजे मंडळीची नियमावली. ही बहुतेक ठिकाणी तोंडीच असते. वीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी. चर्चची इमारत नाही. दर दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी घरी उपासना, बाकं गाडीतून एका घरून दुसऱ्या घरी जातात. वर्षातून दोनदा प्रभुभोजन, त्यात एकमेकांचे पाय धुणं. त्याच्या आधी सभा होते आणि नियमांवर एकमत आहे का हे पाहिलं जातं. एकमत नसेल, मनं दुखावलेली असतील, तर प्रभुभोजन पुढे ढकलतात. पाळकही शिकून-सवरून नेमलेला नसतो. चिठ्ठी ठेवलेलं गीतपुस्तक ज्याच्या हाती येईल त्याच्यावर जबाबदारी, तीही बिनपगारी आणि सहसा जन्मभराची.

नवीन यंत्र आलं, की मंडळी विचारते, यानं आपण जवळ येऊ की लांब जाऊ? फोन वाईट नाही, पण घरात असला तर शेजाऱ्याकडे जाणं थांबतं. म्हणून अनेक ठिकाणी फोन गल्लीच्या टोकाला एका खोपट्यात असतो. वीज पाप नाही, पण तारेनं घर बाहेरच्या जगाशी जोडलं जातं आणि त्या तारेवरून मागोमाग बरंच काही आत येतं. म्हणून तार नको. दूध थंड करायला डिझेल इंजिन मात्र अनेक ठिकाणी चालतं. मोटारीत बसायला हरकत नाही, मालकीची नको. बाहेरून हे विसंगत वाटतं. पण प्रश्न ‘नवं की जुनं’ हा नाही, ‘मंडळी टिकेल की विरघळेल’ हा आहे. एकसारख्या कपड्यांमागेही हेच. कोणी कोणापेक्षा उठून दिसू नये; गर्वाला शिरायला फट मिळू नये.

या शिस्तीची किंमत

इथे आपण फक्त कौतुक करून थांबलो तर ते अर्धवट होईल. अमिश मुलं सोळाव्या वर्षानंतर ‘रुमश्प्रिंगा’ या मोकळ्या काळात येतात आणि मग बाप्तिस्मा घ्यायचा की नाही ते ठरवतात. ज्यानं बाप्तिस्मा घेतलाच नाही, त्याला वाळीत टाकत नाहीत. पण घेऊन नंतर जो सोडून जातो, त्याच्यावर बहिष्कार येतो. एका घरात असूनही वेगळं टेबल, त्याच्या हातून वस्तू न घेणं. अडचणीत त्याला मदत करायला मात्र मुभा असते, आणि गुडघे टेकून कबुली दिली तर दार पुन्हा उघडतं. मंडळीचे लोक याला प्रेमाची शिस्त म्हणतात. ज्या आईला मुलासाठी वेगळं टेबल मांडावं लागतं, तिला ते कसं वाटत असेल, हे आपण मनात ठेवू.

शिक्षणाचाही प्रश्न आहे. अमिश मुलं आठवीपर्यंतच शिकतात. १९७२ मध्ये ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पालकांच्या बाजूनं निकाल दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अंशतः भिन्न मत नोंदवलं. मुलांना स्वतः काय हवं आहे, हे कोणी विचारलं का, असा त्यांच्या मताचा आशय होता. जाणतेपणी निवड करण्यासाठी ज्यांचे पूर्वज मेले, त्यांच्या मुलांना निवडीसाठी किती जग पाहायला मिळतं? हा प्रश्न त्यांच्याच परंपरेतून त्यांना विचारता येतो.

निकेल माइन्स

आणि तरीही. २ ऑक्टोबर २००६ रोजी पेनसिल्वेनियातल्या निकेल माइन्स इथल्या एका खोलीच्या अमिश शाळेत बाहेरचा एक माणूस बंदूक घेऊन शिरला. त्यानं दहा मुलींवर गोळ्या झाडल्या आणि मग स्वतःला मारून घेतलं. पाच मुली गेल्या. काही तासांतच अमिश शेजारी त्या मारेकऱ्याच्या कुटुंबाला भेटायला गेले, आमच्या मनात तुमच्याबद्दल राग नाही हे सांगायला. त्याच्या दफनविधीलाही अनेक अमिश हजर होते.

जगाला हे अद्भुत वाटलं. काहींना न पटणारंही वाटलं. पण आज आपण जे पाहिलं त्यातून ते समजतं. जो क्षमा करत नाही त्याला क्षमा मिळत नाही, ही येशूची शिकवण ते शब्दशः घेतात. म्हणजे क्षमा हाही त्यांच्या तारणाचाच प्रश्न आहे. यानं दुःख संपलं असं नाही. क्षमा एकदा करून भागत नाही, रोज सकाळी पुन्हा करावी लागते, असं त्या आईबापांच्या अनुभवातून दिसतं. डर्क विलेम्स बर्फावरून मागे वळला, तीच ही वाट.

मेनोनाइट आज

मेनोनाइटांचा पट याहून मोठा आहे. काही घोडागाडीवाले, पण बहुतेक शहरांत राहणारे, डॉक्टर, शिक्षक, तुमच्या-आमच्यासारखे कपडे घालणारे. निम्म्याहून अधिक आज आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत आहेत. भारतातही आहेत. १८९९ मध्ये, दुष्काळाच्या काळात, अमेरिकन मेनोनाइट धमतरीला आले. आज ते छत्तीसगडमध्ये आहे, पण तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होतं. म्हणजे ही मंडळी आपल्याला वाटते तितकी लांबची नाही. त्यांच्यात साधेपणा कपड्यांत कमी आणि सेवेत, युद्धविरोधात जास्त दिसतो. मुळात प्रश्न तोच आहे. आपण जे मानतो, ते आपल्या रोजच्या वागण्यात कुठे दिसतं?

अमिशांचं उत्तर आपल्याला पटेलच असं नाही. पण नवी वस्तू घरात आणण्यापूर्वी चार माणसांनी बसून ‘यानं आपलं काय होईल?’ असं विचारावं, ही सवय मात्र आपण उसनी घ्यायला हरकत नाही. तिला बाप्तिस्मा लागत नाही.

पुढच्या वेळी आपण दुसऱ्या एका शांततावादी प्रवाहाकडे, क्वेकरांकडे वळू.