तांबूस हमिंगबर्ड

अंगणांतील जास्वंदीवर मध पिणारा चिमुकला पक्षी दिसला, कीं पुष्कळ सुशिक्षित मंडळी त्यास हमिंगबर्ड म्हणून मोकळी होतात. तो असतो आपला शिंजीर. हमिंगबर्डाचें कुल केवळ अमेरिकेंतच आढळतें. शिंजीर बहुधा डहाळीवर बसून मध पितो; हमिंगबर्ड हवेंत एके जागीं स्थिर राहून पितो आणि प्रसंगीं मागेंही उडतो.

या कुलांतील मोठा प्रवासी म्हणजे तांबूस हमिंगबर्ड. लांबी सुमारें ८ सेंटिमीटर आणि वजन ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे आजच्या एका रुपयाच्या नाण्याएवढें! हिवाळा मेक्सिकोंत काढून तो वसंतांत पॅसिफिक किनाऱ्यानें थेट दक्षिण अलास्कापर्यंत जातो. परततांना मात्र बरेचसे पक्षी रॉकी पर्वताची वाट धरतात. कारण जुलै-ऑगस्टांत तेथील कुरणें रानफुलांनीं भरलेलीं असतात. नर आधींच निघून जातात. घरटें बांधणें, दोन अंडीं उबविणें, पिलें भरविणें, हें सारें एकट्या मादीच्या माथीं!

वाटेंत फुलांचा एखादा ताटवा सांपडला, कीं हा इवलासा जीव त्याचा मालकच बनतो. आपल्याहून मोठ्या पक्ष्यांनाही तो हुसकावून लावतो. कोणतें फूल रितें केलें, हेंही त्याच्या ध्यानांत राहतें. कडाक्याच्या रात्रीं तो देहाची उष्णता उतरवून निश्चेष्ट पडतो व शक्ति वांचवितो.

त्याची ओळख पटविणें मात्र सोपें नाहीं. नराची पाठ तांबूस असते व गळा उन्हांत निखाऱ्यासारखा दिसतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील ॲलनच्या हमिंगबर्डाची पाठ हिरवी. पण कांहीं तांबूस नरही हिरव्या पाठीचे निघतात! अशा वेळीं शेपटीच्या मध्यापासूनचें दुसरें पीस पाहावें. तांबूस नरांत त्याच्या टोंकाजवळ खांच असते. दोन्ही जातींच्या माद्या तर नुसत्या दृष्टीनें ओळखणें जवळजवळ अशक्यच. तेव्हां ‘दोहोंपैकीं एक’ एवढीच नोंद करणारा निरीक्षक आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतो.

ही काटेकोरी व्यर्थ नव्हे. या पक्ष्याची संख्या घटत असून २०१८ सालीं त्याची गणना जागतिक यादींत ‘संकटसमीप’ जातींत झाली; आणि संख्येचा अंदाज बराचसा हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरूनच बांधला जातो. हल्लीं कांहीं तांबूस हमिंगबर्ड मेक्सिकोच्या आखाताकांठीं, टेक्सस-लुइझियानाकडे, हिवाळा काढतात. तेथें परवानाधारक अभ्यासक त्यांस अलगद धरतात, शेपटीचीं पिसें मोजतात आणि पायांत इवलेंसें वाळें अडकवून पुन्हां सोडून देतात.