टायरचा आकार आणि वेगदर्शकाची अचूकता : एक विवेचन

प्रस्तावना
पनवेल तालुक्यातील गव्हाण हे गाव जवाहरलाल नेहरू बंदराच्या अवजड वाहतुकीच्या परिसरात वसलेले आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूचे उद्घाटन झाल्यानंतर गव्हाणजवळील शिवाजीनगर येथून मोटारी थेट सेतूवर जाऊ लागल्या. सेतूवर मोटारींसाठी ताशी १०० कि.मी., तर चढण्या-उतरण्याच्या मार्गांवर ताशी ४० कि.मी. अशी वेगमर्यादा ठरविण्यात आली. ही मर्यादा पाळताना चालक वेगदर्शकावर (स्पीडोमीटर) विसंबतो. टायरचा आकार बदलल्यास हा वेगदर्शक कसा चुकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कार्यतत्त्व
वेगदर्शक रस्त्यावरील वेग प्रत्यक्ष मोजत नाही. तो चाकाची किंवा गिअरबॉक्समधील दंडाची आवर्तने मोजतो आणि कारखान्यात गृहीत धरलेल्या टायरच्या परिघाने त्यांस गुणतो. टायर मोठा झाला, तर प्रत्येक आवर्तनात वाहन अधिक अंतर कापते. यंत्र मात्र जुन्याच परिघाने हिशेब करते. परिणामी दाखविलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी ठरतो. टायर लहान असल्यास याच्या उलट घडते.

गणिती उदाहरण
'१८५/६५ आर १५' या खुणेत १८५ ही टायरची मि.मी.मधील रुंदी, ६५ ही बाजूच्या उंचीची रुंदीशी असलेली टक्केवारी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. या टायरचा एकूण व्यास ३८१ + (२ × १२०.२५) = ६२१.५ मि.मी. येतो. त्याऐवजी २०५/६५ आर १५ टायर बसविल्यास व्यास ६४७.५ मि.मी. होतो, म्हणजे सुमारे ४.२ टक्के वाढ. मूळ वेगदर्शक अचूक असेल, तर १०० हा आकडा दिसत असताना वाहन ताशी १०४.२ कि.मी. वेगाने धावत असते. थांबण्यासाठी लागणारे ब्रेकिंगचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ते सुमारे ८.५ टक्क्यांनी वाढते.
याउलट १९५/५५ आर १६ या टायरचा व्यास ६२०.९ मि.मी. आहे. रिम मोठी असूनही फरक केवळ ०.१ टक्का पडतो. म्हणजेच निर्णायक ठरतो तो टायरचा एकूण व्यास, रिमचा नव्हे. झिजेचाही परिणाम होतो. ८ मि.मी. खोलीची नक्षी १.६ मि.मी.पर्यंत झिजल्यास व्यास १२.८ मि.मी.ने घटतो व वेगदर्शक सुमारे २ टक्के जास्त वेग दाखवितो.

मानके व अवजड वाहने
संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार दर्शविलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कमी असता कामा नये. तो खऱ्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याहून ४ कि.मी. अधिक इतकाच जास्त असू शकतो. अनेक वेगदर्शक मुळातच थोडा जास्त वेग दाखवितात, ते यामुळेच. मोठा टायर ही सुरक्षित तफावत खाऊन टाकतो.
कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरच्या बाबतीत वेगाची नोंद पुढील ओढणाऱ्या वाहनावरून होते. मागील ट्रेलरच्या टायरचा तिच्याशी संबंध नसतो. मात्र वेगनियंत्रकही याच नोंदीवर चालत असल्याने, ८० वर निश्चित केलेला नियंत्रक, इंजिनाची शक्ती मिळणाऱ्या चाकांचे टायर ४ टक्क्यांनी मोठे असल्यास, वाहनास ताशी ८३.२ कि.मी.पर्यंत जाऊ देतो.

पडताळणी
वेगदर्शकावर ६० हा आकडा स्थिर ठेवल्यास एक कि.मी. अंतरास ६० सेकंद लागावयास हवेत. ५७.६ सेकंदच लागले, तर खरा वेग ६२.५ आहे. ही मोजणी महामार्गावरील अंतरदर्शक दगडांच्या साहाय्याने सहप्रवाशाने करावी. अंतरमापकातही (ओडोमीटर) हीच चूक शिरते. वरील उदाहरणात १०,००० कि.मी.ची नोंद प्रत्यक्षात सुमारे १०,४२० कि.मी. असते आणि इंधनाचा हिशेब चुकतो.

निष्कर्ष
टायर बदलताना रुंदी वा शोभेपेक्षा एकूण व्यासाचा विचार अगोदर व्हावयास हवा. उत्पादकाने मान्य केलेल्या आकारांतूनच निवड करणे हितावह ठरते. वेगमर्यादेचे पालन केल्याचे समाधान आणि तिचे प्रत्यक्ष पालन या दोहोंत अंतर पडू नये, यासाठी हे साधे गणित प्रत्येक वाहनधारकास अवगत असणे आवश्यक आहे.