घरात कार्य, फोटोला हार

यशवंतराव चव्हाण आणि फलटणच्या मोरे घराण्यातील वेणूताई यांचे लग्न २ जून १९४२ रोजी कराडला झाले. दोनच महिन्यांनी चले जाव चळवळ पेटली, यशवंतराव भूमिगत झाले आणि नव्या सुनेची पहिली संक्रांत हलव्याच्या दागिन्यांऐवजी अटकेत गेली. पुढे चार दशके या जोडप्याने एकमेकांना साथ दिली. परदेश दौऱ्यांवरून यशवंतरावांनी वेणूताईंना लिहिलेली पत्रे 'विदेश-दर्शन' या पुस्तकात आज वाचायला मिळतात. वेणूताई गेल्या त्या १ जून १९८३ रोजी. लग्नाचा एक्केचाळिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता.

म्हणजे त्यानंतर दरवर्षी आधी स्मृतिदिन आणि लगेच लग्नाचा वाढदिवस, असे दोन दिवस पाठोपाठ येणार होते. यशवंतरावांच्या वाट्याला ते एकदाच आले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ७१ वर्षांचे होते. पत्नीला जाऊन अठरा महिनेही पुरे झाले नव्हते.

'दुःखाने खचून गेले' असे अशा वेळी म्हटले जाते. एका माणसाच्या मृत्यूबाबत वैद्यकशास्त्र असे विधान करत नाही. मात्र हजारो माणसांबाबत करते. १९६३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी पंचावन्न वर्षांवरील ४,४८६ विधुरांची नोंद तपासली. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त होते. नंतर ते हळूहळू खाली आले. पुढच्या पाठपुराव्यात या जादा मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा वाटा मोठा दिसला. जेवणखाण बिघडते, झोप उडते, औषधाची आठवण करून देणारे माणूसच उरत नाही, हेही त्यामागे असते. पुरुषांना याचा फटका अधिक बसतो. गोळ्यांचा डबा कुठे आहे हे बायकोलाच ठाऊक, अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत.

पहिले वर्ष अवघड, हे घरोघरी सगळ्यांना माहीत असते. त्यातही आपल्याकडे दिवस दोनदा येतो, एकदा तारखेने आणि एकदा तिथीने. वर्तमानपत्रात 'प्रथम पुण्यस्मरण' छापून येते ते एका दिवशी, वर्षश्राद्ध दुसऱ्या दिवशी. त्या सुमारास झोप न लागणे, छातीत धडधडणे, क्षुल्लक कारणावरून चिडचिड होणे हे अनेकांना जाणवते. कित्येकदा कारण लक्षात येण्याआधी शरीराला ते कळलेले असते. हवा तीच, सण तोच, स्वयंपाकघरातला वासही तोच.

पण याहून कमी बोलला जाणारा दिवस म्हणजे आनंदाचा. नातवाचे बारसे, मुलीचा निकाल, मुलाचे लग्न. सातारा-सांगलीकडे घरातले मोठे माणूस गेले की 'वर्षाच्या आत कार्य उरकून घ्या, नाहीतर तीन वर्षे थांबावे लागेल' असा सल्ला हमखास मिळतो. त्यामुळे ज्या घरात अजून दहाव्याची भांडी बाहेर आहेत, तिथेच पत्रिका छापायला जातात. हसायचे की रडायचे, हे ठरवायलाही वेळ मिळत नाही.

हृदयालाही हा फरक फारसा कळत नसावा. १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी 'ताकोत्सुबो' नावाचा विकार वर्णिला. मानसिक धक्क्याने ॲड्रेनालिनसारखी संप्रेरके उसळतात, हृदयाच्या डाव्या कप्प्याचे टोक फुगते आणि ते जपानमधील ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखे दिसते. लक्षणे हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्याची. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, काहींच्या जिवावर बेतते. रुग्णांत पाळी थांबलेल्या स्त्रिया सर्वाधिक. हा विकार दुःखामुळे होतो, असेच बरीच वर्षे मानले जाई. २०१६ मध्ये 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये आलेल्या अभ्यासात भावनिक कारणाने आजारी पडलेल्या ४८५ जणांपैकी २० जणांना तो वाढदिवस, मुलाचे लग्न अशा आनंदाच्या प्रसंगी झाल्याचे आढळले. प्रमाण लहान आहे, घाबरण्याचे कारण नाही. पण मांडवात साठीतल्या बाईच्या छातीत दुखू लागले, दम लागला किंवा तिला घाम फुटला, तर 'दगदग झाली, जरा पडा' म्हणून खोलीत निजवू नये. १०८ ला फोन करावा. झटका की ताकोत्सुबो, हे इस्पितळातच कळते.

त्या बाईच्या छातीवर आणखी एक ओझे असते आणि ते आपणच ठेवलेले असते. नवरा गेलेली आई मुलाच्या हळदीला हात लावत नाही, ओवाळायला पुढे येत नाही, कन्यादानाला काका-काकू बसतात. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८० च्या दशकात अशा दुःखाला नाव दिले. समाज ज्याला मोकळेपणाने व्यक्त व्हायला जागा देत नाही, असे दुःख. ते लांबते, आणि अंगावर दुखणे बनून उतरते. सांगलीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. त्याकडे सामाजिक सुधारणा म्हणून पाहिले गेले, ते योग्यच. तो आरोग्याचाही ठराव होता.

गेलेल्या माणसाचे काय करायचे? 'विसरा आता, शुभकार्य आहे' हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण तो चुकीचा आहे. नाते तोडले की दुःख संपते, असे पूर्वी मानसोपचारातही मानले जाई. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी संपादित केलेल्या पुस्तकाने ही समजूत मोडली. गेलेल्याशी नाते वेगळ्या रूपात टिकवणे हे बहुसंख्य माणसांत निरोगीच असते. पहिली पत्रिका फोटोपुढे ठेवणे, पंगतीत वडिलांच्या आवडीचा पदार्थ करणे, त्यांच्या नावाचा उल्लेख दबक्या आवाजात न करता मोठ्याने करणे, एवढ्यानेही ताण हलका होतो. स्वतः यशवंतरावांनी वेणूताईंच्या नावे विश्वस्त निधी स्थापन केला. कराडला वेणूताईंच्या नावाचे स्मारक आहे, तिथे यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह आहे.

वर्ष उलटूनही माणूस कामाला लागत नसेल, रोज तीच तडफड असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर त्याला 'अजून त्यातच आहे' म्हणून सोडून देऊ नये. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०२२ पासून 'दीर्घकालीन शोक' हे स्वतंत्र निदान मानले आहे आणि प्रौढांसाठी मुदत धरली आहे बारा महिन्यांची, म्हणजे जवळपास आपल्या वर्षश्राद्धाइतकीच. त्यावर उपचार आहेत. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येते, आणि फोन घरातल्या दुसऱ्या कोणी केला तरी चालतो.