ऊन पडलं की कडी उघडते



बाळाला थोडा वेळ उन्हात घेऊन बसावं, हे आपल्याला घरातल्या जुन्या बायकांनी शिकवलं. उन्हामुळं कातडीत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं आणि हाडं बळकट होतात, हेही आता ठाऊक आहे. पण ऊन नेमकं करतं काय?

आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. त्याच्या रेणूत अणूंची एक कडी असते. उन्हातले अतिनील किरण पडले की तिचा सांधा सुटतो आणि कडी उघडते. ‘ड’ जीवनसत्त्वाची ही पहिली पायरी.

अशी कडी उघडताना बघायची कशी? शिलाई मशीन जोरात चालली की सुई दिसत नाही, नुसती रेघ दिसते. इथं तर वेग त्याहून कितीतरी जास्त. शिवाय अणू इतके बारीक, की साध्या उजेडात ते दिसतच नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन वापरले. तारेतून वीज वाहते ती याच कणांमुळं.

पण इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात. त्यांचा झुबका वाटेत पांगला, तर चित्र पुसट येतं. म्हणून त्यांना जबर वेग देतात, जवळजवळ प्रकाशाइतका. मग पांगायला वेळच उरत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये स्लॅक नावाची प्रयोगशाळा आहे. तिथल्या यंत्रावर केलेला असा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात कातडीतला पदार्थ नव्हता. तशीच सहा कार्बन अणूंची कडी असलेला साधा पदार्थ वायुरूपात घेतला होता. आधी लेसरचा अतिनील झोत सोडला, पाठोपाठ इलेक्ट्रॉनचा झुबका. रेणूंवरून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ठशांवरून अणूंमधली अंतरं काढली. दोन्हींमधला वेळ किंचित बदलत हेच पुन्हा पुन्हा केलं. ठसे ओळीनं लावल्यावर कडी उघडतानाचा जणू सिनेमाच तयार झाला! सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्याही आत कडी उघडली होती.

कातडीत कडी उघडल्यावर पुढचं काम अंगाच्या उबेनं होतं. त्याला मात्र काही तास लागतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. कातडीतली कडी उघडणारे किरण खिडकीची काच अडवते. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बंद काचेआड बसवू नका, थोडा वेळ अंगणात आणा.