फोनवर रस्ट शिकताय? विमला कार्गो जोडून घ्या

"लॅपटॉप नाही, मग रस्ट शिकता येईल का?" हा प्रश्न मला सारखा येतो. येईल की! ॲन्ड्रॉइड फोनवर टर्मक्स टाका आणि त्यात 'पीकेजी इन्स्टॉल रस्ट विम' टाइप करा. डाउनलोड जड आहे, वायफायवरच करा.

खरी कटकट पुढे सुरू होते. विममध्ये कोड लिहा, बाहेर या, कार्गो चालवा, एरर वाचा, ओळ नंबर लक्षात ठेवा, परत विम उघडा. एवढ्याशा स्क्रीनवर हे चारदा केलं की माणूस रस्ट सोडून रील्स बघायला लागतो.

विममध्ये यावर सोय आहे: 'कोलन मेक'. नाव आलंय 1976 च्या मेक या बिल्ड टूलवरून, पण विमला दुसरं टूलही चालतं. त्याला दोनच गोष्टी कळाव्या लागतात: कोणता प्रोग्राम चालवायचा आणि त्याचे एरर कसे वाचायचे. यातलं दुसरं काम अवघड. रस्टचा कंपायलर आधी चूक काय ते सांगतो, मग खालच्या ओळीत बाण काढून फाइल, ओळ आणि कॉलम देतो. या दोन ओळी एकाच चुकीच्या आहेत, हे विमला समजावं लागतं. सुदैवाने ते नियम विमसोबत तयारच येतात.

प्रोजेक्टच्या फोल्डरमधून, म्हणजे कार्गो डॉट टॉमल जिथे आहे तिथूनच, विम उघडा. एसआरसीच्या आतून उघडलंत तर फाइलच्या पत्त्यांचा गोंधळ होऊ शकतो. मग 'कोलन कंपायलर कार्गो'. फाइल सेव्ह करा, नाहीतर कार्गो जुनाच कोड तपासत बसेल. आता 'कोलन मेक चेक'. काम संपलं की कर्सर थेट पहिल्या चुकीवर! पुढच्या चुकीसाठी 'कोलन सीएन', सगळी यादी हवी तर 'कोलन सीओपन'.

'बिल्ड' न म्हणता 'चेक' मुद्दाम म्हटलं. चेक फक्त कोड तपासतो, शेवटचा मशीन कोड बनवत नाही, त्यामुळे वेळ आणि बॅटरी दोन्ही वाचतात.

कोणी म्हणेल, रस्ट ॲनालायझर लाव ना! मस्तच आहे तो, पण मेमरी भरपूर खातो. कमी रॅमच्या फोनवर मी तरी त्याच्या वाटेला जाणार नाही.

आणि हो, एररमध्ये 'ई0382' असा कोड दिसला तर विममध्येच 'कोलन', उद्गारचिन्ह, 'रस्टसी', दोन डॅश जोडून 'एक्सप्लेन' आणि तो कोड असं टाका. कंपायलर उदाहरण देऊन समजावतो, तेही इंटरनेटशिवाय.