पत्ता मागणाऱ्याची ओळख

वडनेर भोलजी हे मुंबई-नागपूर हमरस्त्यावरचे गाव. येथील एखाद्या उपाहारगृहात वाय-फाय आहे असे धरा. चहाला थांबलेल्या प्रवाशाचा फोन त्या जाळ्यात शिरतो तेव्हा त्याला तिथला पत्ताच नसतो. म्हणून तो सर्वांना ऐकू जाईल अशी हाक देतो आणि हाकेतच आपली खूण सांगतो. ही खूण म्हणजे बहुधा ४८ बिटांचा मॅक क्रमांक. राउटर ती टिपून घेतो आणि ठराविक मुदतीपुरता पत्ता देतो.

या व्यवहाराला डीएचसीपी म्हणतात. त्याच्या १९९७ च्या नियमांनुसार यंत्राला हवी तर वेगळी खूण सांगता येते, आणि ती सांगितली तर तीच धरायची. त्यामुळे एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स आळीपाळीने चालवले, तर त्याला दोन पत्ते मिळू शकतात! शिवाय अँड्रॉइड १० (२०१९) व आयओएस १४ (२०२०) पासून फोन सहसा प्रत्येक जाळ्यात निराळा, मनचा मॅक क्रमांक सांगतात. गावोगाव कोणी माग काढू नये म्हणून. हे मला रास्तच वाटते.

मात्र राउटरच्या नोंदीवरून कोणावर आळ घ्यायचा असेल, तर जरा थांबावे. ती खूण यंत्राने आपणहून सांगितलेली असते. राउटर तिची शहानिशा करीत नाही.

मालकाची अडचण वेगळी. साध्या राउटरकडे पत्ते जेमतेम अडीचशे. मुदत दिवसाची ठेवली, तर प्रवासी अकोल्याला पोचला तरी त्याचा पत्ता इथे अडकलेलाच. अशा जागी तासाभराची मुदत पुरते.