स्वभाव की आजार?

शहापूर-मुरबाडकडे घरचे म्हणतात, ‘डॉक्टर, याचा स्वभावच उधळा.’ थांबा. बायपोलरच्या उन्मादात माणूस झोपत नाही, पैसे उडवतो, तो आजार. स्वभाव ओळखायचा तो आजार ओसरल्यावर.

पण स्वभावाचा उपचारावर परिणाम होतोच. उतावळा माणूस बरं वाटलं की गोळी सोडतो. चिंताखोराला नैराश्य पुन्हापुन्हा गाठू शकतं. लिथियम या आजारावर 1949पासून माहीत आहे, पण ते रोज घ्यावं लागतं, रक्त तपासावं लागतं. वीटभट्टीवर जाताना गोळ्या बरोबर न्या, उन्हात पाणी प्या. अंगातलं पाणी आटलं की रक्तात लिथियम वाढतं. जुलाब, जास्त थरथर झाली तर लगेच डॉक्टर गाठा.

स्वभाव बदलायची वाट पाहू नका. उतावळ्याची गोळी घरातल्या कुणी सांभाळावी, बस्स.